बावीस ओळींचे करकोचे

६ फेब्रुवारी

मा. संपादक महोदया यांस,

सप्रेम नमस्कार. विनंती एकच आहे, विशेष मात्र बरंच आहे.

मी आपल्या संकेतस्थळाचा वाचक. नियमित वाचक म्हणवत नाही, कारण तसला फोन माझ्याकडे नाही. बहिणीच्या फोनवर, तिची मर्जी असेल तेव्हा वाचतो. मी आपला पिताही आहे, पण ती बाब अलाहिदा. हे पत्र वाचकाचं समजावं.

परवा आपण रंगकारखान्यामागच्या तळ्यावर मोठा लेख दिलात. कारखानदाराच्या मुलांना तळं बुजवून गोदामं बांधायची आहेत. अठ्ठावीस तारखेला नगरपालिकेत सुनावणी आहे. मुलांचं म्हणणं असं, की तळं पहिल्यापासून मेलेलंच. तिथे कधी काही जगलंच नाही, मग बुजवलं तर बिघडलं कुठे? त्यावर आपलं उत्तर म्हणजे पाच जुनी कात्रणं: तळ्यावर दर वर्षी करकोच्यांचा थवा उतरत असे, आणि याला वर्तमानपत्रं साक्षी आहेत. दोन कात्रणं आमच्या सांजदैनिकातली, तीन सकाळच्या मोठ्या पेपरातली. वर ठळक अक्षरांत, ‘पाच पुरावे’.

आता वाचकाची शंका. ते करकोचे पाहिले कोणी? आपल्यापैकी कोणी विचारलंत का? की वाचनालयात गेलात, फायली उघडल्या, फोटो काढले आणि चिकटवले? आमच्या काळी बातमी हातात आली की आधी तिला उलटीपालटी करून पाहत असू. भाजीवालीकडचं वांगं पाहतात तशी. मी एकतीस वर्षं मुद्रितशोधक होतो. छापण्याआधी पान वाचायचं, चुका काढायच्या आणि खाली सही करायची. माझ्या सहीशिवाय पान यंत्रावर चढत नसे. तुमच्याकडे सही कोण करतं? बोटाने दाबलं की बातमी जगभर. दाबणारं बोट कोणाचं, ते देवालाही कळायचं नाही.

विनंती अशी की ती पाच कात्रणं काढून टाकावीत. बाकी लेख राहू द्यावा. कारण विचारू नये.

आपला एक वाचक


११ फेब्रुवारी

पोरी,

तुझं उत्तर आत्याच्या फोनवर आलं. ती ते मोठ्याने वाचून दाखवत स्वयंपाकघरातून बाहेर आली. “ऐक दादा, तुझी लेक काय म्हणते. ‘आमचं चुकलं असेल तर कुठे ते सांगा. कारण दिल्याशिवाय आम्ही काही काढत नाही. तब्येत कशी आहे?’” आणि वर स्वतःचं जोडलं, “अगदी तुझ्यासारखीच आहे हो. तब्येतीची चौकशीसुद्धा तळटीप दिल्यासारखी.”

तब्येत बरी आहे.

आत्याने तुझ्या लेखाखालचे वाचकांचे अभिप्रायही वाचून दाखवले. शेसव्वाशे असतील. कोणी लिहितं, मी लहानपणी आजोबांच्या खांद्यावर बसून ते करकोचे पाहिले. कोणी लिहितं, त्यांच्या पंखांचा आवाज अजून कानात आहे. एका निवृत्त पोस्टमनला तर त्यांच्या चोचींचा रंग आठवतोय. मी ऐकत होतो. शेवटी आत्या म्हणाली, “आणि मीसुद्धा पाहिलेत की!”

मी म्हटलं, “कधी?”

“अरे, त्या वर्षी नाही का. तुमच्या पेपरात आलं होतं तेव्हा.”

“तू तळ्यावर गेली होतीस?”

“तळ्यावर... म्हणजे पेपरात आलं होतं ना?”

सकाळच्या पेपराने तर कालच्या पुरवणीत अख्खं पान काढलंय: ‘करकोचे आम्हीच प्रथम टिपले!’ तुझ्या लेखावरून त्यांना स्वतःची कात्रणं सापडली आणि त्यांची छाती फुगली. आता तू त्यांचा हवाला देशील, ते तुझा देतील, आणि सुनावणीत दोघंही एकमेकांकडे बोट दाखवून खरे ठराल.

कारण विचारू नका म्हटलं होतं. आता सांगतो. ते करकोचे मी आणले.

पान लावताना कधी बातमी आखूड पडते, कधी ऐन वेळी गळते, आणि रकान्यात भोक पडतं. पांढरी जागा ठेवून पेपर निघत नाही. अशा वेळेसाठी एका खणात बारीकसारीक मजकूर रचून ठेवलेला असे. कुठल्या देशात किती लांब पूल आहे, हत्ती उभ्याने झोपतो की आडवा होऊन. त्याला आम्ही भरती म्हणत असू. त्या दिवशी खण रिकामा होता, पान सोडायला दहा मिनिटं उरली होती आणि बावीस ओळींचं भोक माझ्याकडे आ वासून बघत होतं. मी एका प्रुफाची मागची बाजू ओढली आणि उभ्याउभ्या लिहिलं: काल सूर्यास्ताच्या सुमारास रंगकारखान्यामागच्या तळ्यावर चाळीसएक करकोचे उतरले...

ते कुठून आले म्हणशील, तर चौथीच्या वाचनमालेतून. आमचे गुरुजी टेबलाच्या कडेवर बसून डोळे मिटून करकोच्यांची कविता म्हणायचे आणि आम्ही चाळीस पोरं गप्प. मला तेव्हा खिडकीबाहेर खरोखर पंख दिसायचे. ओळी इथे लिहीत नाही. “बाबा सुरू झाले” म्हणशील. तळ्यावर मी तोवर एकदाच गेलो होतो, लग्नाआधी, आणि तिथे फक्त धोबी होते.

मला वाटलं, संध्याकाळी लोक वाचतील, उद्या त्याच कागदाच्या पुड्या बांधल्या जातील, विषय संपेल. पण पुढच्या वर्षी एका उपसंपादकाला मजकूर हवा होता. त्याने गेल्या वर्षीची फाईल उघडली आणि लिहिलं, ‘यंदाही करकोच्यांचं आगमन’. ते पान सहीला माझ्याकडेच आलं. मी त्यात एक स्वल्पविराम घातला. मग सकाळच्या पेपराने आमचं उचललं, ‘आमच्या प्रतिनिधीकडून’ म्हणून. माझे चाळीस होते, त्यांचे दोनशे झाले. त्यांचा कागद मोठा होता.

असे हे तुझे पाच पुरावे. पाचांचा बाप एक, आणि तो मी.

आता तरी काढ. अठ्ठावीस तारखेला समोरच्या वकिलाने विचारलं, पक्षीमित्रांची एक तरी नोंद दाखवा, तर तुझ्याबरोबर ते तळंही बुडेल.

बाबा


१५ फेब्रुवारी

पोरी,

एवढं सगळं मनातलं बाहेर काढलं आणि तुझं काय उत्तर? ‘एका माणसाच्या सांगण्यावरून आम्ही बातमी छापत नाही, आणि मागेही घेत नाही. त्या वेळी तिथे दुसरं कोण होतं?’ इथवर ठीक आहे. पण पुढे? ‘बाबा, राग मानू नका, पण विचारावं लागतं. गेल्या पंधरवड्यात कारखान्याकडून कोणी तुम्हाला भेटून गेलं का?’

आत्याने हे वाचलं आणि फोन पालथा ठेवला. मला म्हणाली, “चहा करते.” चार वाजले नव्हते.

नाही. कोणीही भेटून गेलेलं नाही. तुझा बाप विकला गेलेला नाही. हे लिहिताना पेन कागदात रुतलं, ते दिसेलच तुला. कालची सगळी दुपार खिडकीत बसून काढली आणि हळूहळू मनात यायला लागलं, की पहिल्या पत्रात मी तुला विचारलं होतं, तुमच्याकडे सही कोण करतं. त्याचंच हे उत्तर होतं. मला ते आवडलं नाही. पण होतं ते उत्तरच.

म्हणून आज सकाळच्या पेपराच्या कचेरीत गेलो. म्हटलं, निदान छापणाऱ्याला तरी छापल्याची लाज असेल. स्वागताच्या काचेमागे एक मुलगा होता. मला चुलत आजोबाला बोलवावं तसं म्हणाला, “या आजोबा, बसा. तक्रार कसली? अंक मिळाला नाही का?”

“तुमच्या पेपरात करकोचे आले होते. सत्तावीस वर्षांपूर्वी.”

“बरं.”

“ते आले नव्हते.”

“पेपरात आले नव्हते?”

“पेपरात आले होते. तळ्यावर आले नव्हते.”

त्याने जरा विचार केला. “मग पेपराचं काय चुकलं?”

शेवटी आतून एक मोठे साहेब आले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, ते मात्र कबूल करतो. म्हणाले, “काका, दुरुस्ती मागायची तर अंक निघाल्यापासून आठ दिवसांत. आणि आम्ही आत्ताच अख्खं पान केलंय. लोकांना फार आवडलं. इतक्या लोकांनी करकोचे पाहिल्याचं कळवलंय, ते सगळे खोटं बोलतात म्हणायचं का?”

मी म्हटलं, “नाही. त्यांनी वाचलंय.”

ते हसले आणि मला जिन्यापर्यंत सोडायला आले. जिन्याच्या भिंतीवर चौकटीत त्यांचं जुनं बोधवाक्य लावलंय, सत्याबद्दलचं. एकेकाळी मी त्याच्याकडे हेव्याने पाहत असे. आज कठडा धरून उतरताना त्या चौकटीची काच पुसलेली आहे की नाही एवढंच पाहिलं. पुसलेली होती.

दुसरा साक्षीदार विचारलास ना? एक आहे. आमच्याकडे पान लावायचा तो. गळ्यात नाडीला कात्री बांधून फिरायचा, म्हणून सगळे त्याला कात्रीच म्हणत. छापून आलेल्या मजकुराच्या पट्ट्या कापून पानावर चिकटवणं हे त्याचं काम. जिवंत आहे असं ऐकतो. त्याचं आणि माझं काही फार बरं नव्हतं. बघतो.

बाबा


१९ फेब्रुवारी

पोरी,

कात्री भेटला. एका शिंप्याच्या दुकानावर, माडीवर, सुनेकडे राहतो. कान गेले आहेत, डोळे शाबूत. दार उघडून मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, “या सहीसाहेब. पान अडलंय वाटतं!”

हे नाव मी विसरलो होतो. पाठीमागे मला असं म्हणत, ते तुलाही ठाऊक असेल.

मी ओरडून विचारलं, “करकोचे आठवतात का?”

“न आठवायला काय झालं? जागा बावीसची आणि तुम्ही लिहिल्यात तेवीस ओळी. मी म्हटलं, एक पक्षी उडवा. तुम्ही ‘सोनेरी किरणांत न्हाऊन निघालेले’ एवढं काढलंत. काय तोंड झालं होतं! जणू दात उपटला.”

“म्हणजे मी बसल्या जागी लिहिलं, हे तू सांगशील?”

“उभ्या जागी लिहिलंत. सांगीन की. कोणाला सांगायचं?”

“माझ्या मुलीला.”

सुनेने पाणी आणलं, ते त्याने माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, “आणि त्या भोकात आधी काय होतं, तेही सांगू का पोरीला?”

“ते मी सांगतो.”

“सांगा. पण सगळं सांगा, सहीसाहेब. सगळं.”

‘सगळं’वर तो उगाच जोर देत होता. वय झालंय त्याचं. सुनेचा नंबर खाली लिहितो. दुपारी दोन ते चार तो जागा असतो. मोठ्याने बोल.

तर, भोकात आधी काय होतं. तुझी बातमी होती.

कारखान्यातून जमिनीखालून आणलेल्या नळाची. तळ्यावर चढणाऱ्या जांभळ्या तवंगाची. आठवड्याभरात टोपल्यांनी मेलेले मासे काढणाऱ्या तिघा मासेमारांची, आणि ज्याची बोटं निळी पडून फुटली होती त्या धोब्याची. पहिलं पान, चौथा रकाना, बावीस ओळी. तू तेवीस वर्षांची होतीस, आमच्या पेपरात लागून जेमतेम वर्ष झालं होतं. ती बातमी निघाली, कारण वरून आदेश आला. आदेश आला की मुद्रितशोधक काय करणार? पट्टी उचलली गेली, भोक पडलं, मी भरलं. त्या संध्याकाळी तू घरी येऊन उभ्यानेच अंक उघडलास आणि पहिल्या पानावर बोट फिरवत राहिलीस. करकोच्यांवरूनही तुझं बोट गेलं. पण नसलेलं शोधणारा माणूस असलेलं वाचत नाही. पंधरा दिवसांनी तू पेपर सोडलास, मग घर सोडलंस, आणि त्यानंतर आपण आईला पोचवायला तेवढे एकत्र आलो. तू मला एकच विचारलं होतंस, “बाबा, तुमच्या डोळ्यांसमोर काढली ना?” मी म्हटलं होतं, “वरून सांगितलं गं.”

सोबतच्या पाकिटात त्या बातमीचं प्रूफ आहे. तारखेचा शिक्का आहे आणि कोपऱ्यात माझी आद्याक्षरं. तुझी प्रत तू रागाने फाडलीस, ते माहीत होतं. ही मी ठेवली होती. कशाला ठेवली ते विचारू नकोस, मलाही धड सांगता यायचं नाही. चौथीच्या कवितांची वही आहे ना माझी, तिच्यात घडी करून होती. वकील याच्यावरही हरकत घेईलच. पण तळं पहिल्यापासून मेलेलं नव्हतं, त्यात टोपल्यांनी मासे होते आणि ते कशाने मेले, हे यात माणसांच्या नावांनिशी लिहिलेलं आहे. ती माणसं शोध. एक धोबी अजून आहे असं कात्रीची सून सांगत होती.

बाबा


२४ फेब्रुवारी

पोरी,

पाकीट मिळालं. फोनवर न पाठवता तू कागदावर छापून, दोन ओळींत भरपूर जागा सोडून, बाजूला समास ठेवून पाठवलंस, तेव्हाच कळलं की हे वाचायला नाही, तपासायला पाठवलंय. चष्मा पुसला. लाल पेन आत्याकडे मिळालं.

‘आमची चूक’ हा मथळा चांगला. छोटा आहे आणि लपत नाही. लेखाच्या वरच राहणार, खाली कुठे कोपऱ्यात नाही, हे तू लिहिलंस म्हणून मी मानतो. आत्या म्हणते, तू ती पाच कात्रणं उतरवल्यापासून लेखाखाली लोक तुला शिव्या घालायला लागलेत, आमचे करकोचे हिरावून घेतले म्हणून. पोस्टमन तर फार चिडलाय. तरीही तू हे वर लावणार आहेस. प्रुफातल्या दोघा मासेमारांची मुलं तुला भेटली आणि तो धोबीही बोलला, हे वाचून मी खुर्चीतून उठलो आणि खिडकीपाशी जाऊन परत आलो.

आता दुरुस्त्या.

पहिल्या परिच्छेदात तू लिहिलंयस, ‘ही बातमी कार्यालयात बसून रचलेली, खोटी होती’. मी ‘खोटी’ खोडून वर ‘काल्पनिक’ लिहिलं होतं. मग ते खोडलं. ‘खोटी’ राहू दे. ‘बसून’च्या जागी ‘उभ्याने’ करायचं असेल तर कर. कात्री खूश होईल.

दुसऱ्या परिच्छेदात एक वाक्य आहे: ‘वरून आलेल्या आदेशानुसार मूळ बातमी काढण्यात आली’. त्याच्याशेजारी समासात तू पेन्सिलीने एक बारीक प्रश्नचिन्ह केलंयस. इतकं बारीक, की दुसऱ्या कोणाला ते पेन्सिल टेकल्यासारखं वाटेल. कात्री तुझ्याशी चाळीस मिनिटं बोलला, असं त्याची सून म्हणाली. म्हणजे तुला माहीत आहे. माहीत असून तू ते माझ्यासाठी कोरं सोडलंस.

वरून आदेश आला नव्हता.

साडेदहाला संपादकांनी पानावर नजर टाकली होती. तुझ्या बातमीपाशी थांबून एवढंच म्हणाले, “पोरीने काम चोख केलंय. एकदा नीट बघून घ्या,” आणि बाहेर गेले. बस. ‘बघून घ्या’ म्हणजे वाचा. मी वाचली. दोनदा वाचली. कारखान्याची जाहिरात मागच्या पानावर अर्धी जागा व्यापून होती, आणि मला दिसायला लागलं, की संध्याकाळी फोन येणार, साहेब विचारणार सही कोणाची, आणि सही माझी. तुझ्यावर बालंट येईल म्हणून काढली, असं मी तुझ्या आईला सांगितलं. स्वतःलाही इतकी वर्षं तेच सांगत आलो. ते अर्धं खरं असेल. उरलेलं अर्धंही लिहितो.

त्या बातमीत मला एकही चूक सापडली नाही. काना नाही, मात्रा नाही, आकडा नाही. अठरा वर्षं मी दुसऱ्यांचं लिखाण नीट करत होतो आणि माझी एक ओळ कधी छापून आली नव्हती. आणि तू, काल माझ्या मांडीवर बसून बाराखडी गिरवणारी, पहिल्या पानावर. कात्रीला मी म्हटलं, “ही पट्टी उचल, वरून आदेश आहे.” त्याने माझ्याकडे पाहिलं आणि उचलली. वर मजल्यावर त्या वेळी कोणीही नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं. मग त्या जागेत मी माझ्या बावीस ओळी लिहिल्या. छापून आलेलं माझं तेवढंच. संध्याकाळी तू बोट फिरवत होतीस तेव्हा मी दाराआडून बघत होतो, ती वाचते का म्हणून.

म्हणून तुझ्या फोनवरच्या बातम्यांवर माझा विश्वास बसत नव्हता. मी कशी छापतो ते मला माहीत होतं.

तेव्हा दुसऱ्या परिच्छेदात ‘वरून आलेल्या आदेशानुसार’ हे तीन शब्द लाल पेनाने काढले आहेत. त्या जागी असं घाल: ‘पानावर शेवटची सही करणाऱ्या मुद्रितशोधकाने, कोणीही न सांगता’. आणि त्याच्यापुढे ‘जे बातमीदाराचे वडील आहेत’ हेही. ते तू मुद्दाम गाळलंयस, हे मला समजतं. घाल. अठ्ठावीस तारखेला समोरचा वकील मला विचारेल तेव्हा मी उभा राहून हेच सांगणार आहे, आणि छापलेलं व बोललेलं एकच असलेलं बरं.

सुनावणीला मी आत्याबरोबर येईन. मागच्या बाकावर बसेन. तू माझ्याकडे आली नाहीस तरी चालेल. आलीस तर मोठ्याने बोल, अलीकडे मलाही कमी ऐकू येतं.

बाकी मजकूर वाचला. चूक नाही.

बाबा